नदीचे दप्तर

परवा दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. पुण्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतो आहे. संध्याकाळी आम्ही दोघे घाटावर जाऊन बसलो. कुरुंदवाडचा घाट म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचा. समोर नरसोबाची वाडी, इकडे सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी. पाणी हिरवट काळसर दिसत होते आणि काठाला जलपर्णीचा पट्टा लागला होता. नातवाने विचारले,

"आबा, तुम्ही इथं पोहत होता म्हणे?"

"पोहत होतो म्हणजे? हेच पाणी प्यायचो की!"

"स्वच्छ होतं?"

"काचेसारखं."

"कशावरून?"

मित्रहो, पस्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. वर्गात कोणी "अमुक राजा फार चांगला होता" असे म्हटले की मी लगेच विचारायचो, "कशावरून? पुरावा काय?" मुलांना तो प्रश्न पाठ झाला होता. आज तोच प्रश्न माझ्याच नातवाने मला विचारला आणि मी गप्प झालो. म्हाताऱ्या माणसाला आपल्या लहानपणचे सगळेच स्वच्छ वाटते! नदी, माणसे, राजकारण, सगळेच. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. तेव्हा मी मनाशी ठरवले की आपल्या नदीच्या बाबतीत खरोखर पुरावा काय आहे, तो शोधायचा. हा लेख त्या शोधाचा आहे.

पहिला पुरावा मला तिथेच आठवला. वाडीला येणारे यात्रेकरू पुलावरून, नावेतून नदीत पैसा टाकायचे. आम्ही पोरे त्यासाठी टपलेली असायचो. त्या वेळी नवा पैसा नुकताच सुरू झाला होता, छोटासा, तांबूस रंगाचा. पावसाळ्याचे गढूळ पाणी ओसरून थंडी सुरू झाली की पुरुषभर पाण्याखाली पडलेला तो पैसा आम्हाला वरून दिसायचा. दिसायचा म्हणूनच बुडी मारून काढता यायचा. आज घाटाच्या दुसऱ्या पायरीवर पडलेला पाच रुपयांचा ठोकळाही दिसत नाही.

मला हा माझा शोध वाटला होता. पण असा प्रयोग एका मोठ्या माणसाने फार पूर्वी करून ठेवला आहे. विजेच्या संशोधनासाठी आपण ज्याचे नाव घेतो तो मायकेल फॅरडे १८५५ च्या जुलैमध्ये लंडनला थेम्स नदीतून बोटीने चालला होता. पाणी इतके गढूळ होते की त्याने पांढऱ्या कार्डाचे तुकडे करून, ओले करून पाण्यात टाकले. ते इंचभर बुडायच्या आत दिसेनासे झाले. त्याने ही हकीगत 'टाइम्स' वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवली. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्सला एवढी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या संसदेला काम करणे अवघड झाले. मग लंडनच्या गटारांसाठी पैसा मंजूर झाला. नाकाला झोंबल्याशिवाय सरकार हलत नाही, हा अनुभव फक्त आपलाच आहे असे नाही!

पण डोळ्यांचा पुरावा अपुरा असतो. गढूळ पाणी निवळता येते. आमची आजी निवळीची बी उगाळून घागरीत घालायची, कधी तुरटी फिरवायची. तुरटीने पाण्यातले बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. आजही मोठमोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत पहिली पायरी हीच असते. मात्र निवळलेले पाणी निर्धोक असतेच असे नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. काविळीचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही, वासाला कळत नाही. विरघळलेला शिसे किंवा क्रोमियमसारखा धातूही अनेकदा दिसत नाही. म्हणजे माझा नवा पैसा फार तर एवढेच सांगतो की पाणी नितळ होते. ते शुद्ध होते हे त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसरा पुरावा आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला आहे. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. उन्हाळ्याचे दिवस होते. पंचगंगेवर आमच्या गावाच्या वरच्या अंगाला तेरवाडचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा संपला की अशा बंधाऱ्यांत बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात. एका सकाळी बातमी आली की बंधाऱ्यापाशी मासे मरून तरंगताहेत. मी आणि आमचे विज्ञानाचे सर सायकलवरून गेलो. काठावर माशांचा खच पडला होता. काही मासे अजून पृष्ठभागावर तोंड उघडून धडपडत होते. ओळखीचा एक म्हातारा नावाडी तिथे बसला होता. तो म्हणाला,

"सर, इख न्हाई घातलं कुणी. पाणीच मेलंय."

विज्ञानाच्या सरांनी काचेची दोन बुचांची बाटली पाण्यात बुडवून, एकही बुडबुडा राहू न देता भरली आणि तिथेच तिच्यात दोन औषधे घातली: मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी पोटॅशियम आयोडाइड. त्यांनी मला आधीच सांगून ठेवले होते की पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर बाटलीत तपकिरी साका बसेल. नसेल तर पांढरा. वाडीच्या बाजूने, कृष्णेतून भरून आणलेल्या बाटलीत चहासारखा तपकिरी साका बसला. बंधाऱ्याच्या बाटलीतला साका पांढराशुभ्र राहिला. नावाडी तो बघत होता. त्याला काही समजावून सांगावे लागले नाही. त्याचे म्हणणे बाटलीने मान्य केले होते.

ही तपासणी लायोश विंकलर नावाच्या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये शोधून काढली. पुढे त्यात आम्ल घालतात, मग जितका प्राणवायू तितके आयोडीन मोकळे होते आणि ते फोटोवाल्यांच्या 'हायपो'ने मोजता येते. शेवट कळावा म्हणून पिष्ठाचे द्रावण (म्हणजे भाताची पेज म्हणा ना!) घालतात. त्याने पाणी निळे होते, आणि निळा रंग गेला की मोजणी पूर्ण. इतकी साधी तपासणी आहे की हायस्कूलचा मुलगाही ती करू शकतो. उन्हाळ्यात ३० अंश तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. बहुतेक माशांना चार-पाच तरी लागतो. म्हणजे मुळात शिल्लक किती थोडी असते ते बघा.

मग तो प्राणवायू जातो कुठे? इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. नदीला मारायला विषच लागते असे नाही. अन्नानेही नदी मरते. यंत्रमागावर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, त्याला सायझिंग म्हणतात. कापड विणून झाल्यावर रंगवण्याआधी ती खळ धुऊन काढावी लागते. खळ म्हणजे मुख्यतः पिष्ठ. साखर कारखान्याची मळी म्हणजे साखरेचाच अवशेष. आपल्या मोरीतले सांडपाणी म्हणजे उष्टे-खरकटे आणि विष्ठा. हे सगळे नदीतल्या जिवाणूंचे खाद्य आहे. खाद्य मिळाले की जिवाणू भराभर वाढतात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. ही भूक मोजण्याच्या मापाला बीओडी म्हणतात, म्हणजे जैविक प्राणवायूची मागणी. चांगल्या नदीत ती लिटरला एक-दोन मिलिग्रॅम असते, आंघोळीच्या पाण्यात तीनपेक्षा जास्त असू नये असा आपल्याकडचा निकष आहे. घरगुती सांडपाण्यात ती दोनशे-तीनशे असते आणि डिस्टिलरीच्या कच्च्या स्पेंटवॉशमध्ये चाळीस हजारांच्या वर!

हे माप ठरवले इंग्लंडच्या एका शाही आयोगाने. तो १८९८ मध्ये नेमला गेला आणि १९१५ पर्यंत काम करत होता. १९१२ च्या अहवालात त्यांनी सांगितले की नदीत सोडायच्या सांडपाण्याची पाच दिवसांची मागणी लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. (आपल्याकडे हवा गरम, जिवाणू चपळ, म्हणून आता २७ अंशांवर तीन दिवसांत मोजतात.) पण त्या अहवालात एक अट होती, ती लोक विसरतात. हे माप तेव्हाच पुरेसे, जेव्हा एक भाग सांडपाणी मिसळायला नदीत निदान आठ भाग स्वच्छ पाणी वाहते असेल. इंग्लंडात पाऊस बारमाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बंधाऱ्याबंधाऱ्याला अडवलेली, न हलणारी पंचगंगा! तिथे आठ भाग स्वच्छ पाणी आणायचे कुठून?

आता एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत म्हणायची की काय ते तुम्हीच ठरवा. इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात हे आपल्याकडे पोरालासोराला माहीत आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला. संस्थानाधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी उद्योगाला उत्तेजन दिले, आणि पुढे त्या मागांवर हजारो घरे उभी राहिली. माझे किती विद्यार्थी तिथे नोकरीला लागले याची गणती नाही. त्यामुळे मी त्या गावाबद्दल वाईट बोलणार नाही.

पण खऱ्या मँचेस्टरने जगाला आणखी एक गोष्ट दिली, ती आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आली नाही. तिथल्या डेव्हीहल्म सांडपाणी केंद्रात आर्डर्न आणि लॉकेट हे दोघे सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग करत होते. पहिल्यांदा पाणी साफ व्हायला आठवडे लागले. मग त्यांनी एक युक्ती केली. हवा बंद करून गाळ खाली बसू दिला, वरचे स्वच्छ पाणी काढून टाकले, गाळ मात्र तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. आता काम काही तासांवर आले. आपल्या आया-बहिणी हेच रोज करतात: कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला. त्या गाळात जिवाणूंची वसाहत तयार झालेली असते, ती नदीऐवजी टाकीतच घाण खाऊन टाकते. १९१४ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. आज जगभरातली बहुसंख्य मोठी सांडपाणी केंद्रे याच 'सक्रिय गाळा'च्या तत्त्वावर किंवा त्याच्या सुधारलेल्या पद्धतींवर चालतात. या दोघांना ज्यांचे मार्गदर्शन होते ते डॉ. गिल्बर्ट फाउलर तर १९१६ मध्ये चक्क बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. कुरुंदवाडपासून बंगळूर ते काय लांब!

म्हणजे मँचेस्टरचा माग आपल्याकडे १९०४ मध्ये आला आणि मँचेस्टरचा गाळ यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. मधल्या काळात कायदे झाले. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला, ७ सप्टेंबर १९७० ला प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, १९७४ मध्ये केंद्राचा कायदा आला. नागपूरला नीरी ही संस्था तर १९५८ पासून आहे. पण कोल्हापूरच्या जयंती नाल्याचे पाणी साफ करायला कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले ते या शतकात. दरम्यान पंचगंगेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, नीरीच्या शास्त्रज्ञांनी नदीचा अभ्यास केला. आणि इचलकरंजीने पिण्यासाठी कृष्णेचे पाणी नेले, तेही आमच्या शेजारच्या मजरेवाडीहून. आपल्या दारची नदी पिण्याजोगी राहिली नाही की माणूस शेजारच्या नदीकडे वळतो. उद्या तीही तशीच झाली तर? वारणा आणि दूधगंगेच्या पाण्यावरून गावागावांत जे वाद झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहेत.

एवढे सगळे मी नातवाला त्या संध्याकाळी सांगत होतो. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आबा, हे सगळं पाण्याचं झालं. पाणी तर वाहून जातं. आज नमुना घेतला तर आजचं कळतं. काल रात्री काय सोडलं होतं ते कुठं कळतं?"

"मग कशात कळतं?"

"गाळात."

आणि त्याने मला जे समजावले ते माझ्यासारख्या इतिहासाच्या माणसाला एकदम पटले. धातू विरघळून नदीत आला की तो फार काळ पाण्यात राहत नाही. चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, धातूंचे आयन धनभारित, म्हणून ते मातीला चिकटतात. कुजलेला पालापाचोळाही त्यांना धरून ठेवतो. तळाशी प्राणवायू नसेल तर गंधकाशी त्यांचा संयोग होतो. बंधाऱ्याखालचा गाळ काळा असतो आणि सडक्या अंड्याचा वास मारतो ना, तो काळेपणा लोखंडाच्या सल्फाइडचा आणि वास हायड्रोजन सल्फाइडचा. त्या काळ्या चिखलात तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम अडकून बसतात. पाणी समुद्राला जाऊन मिळाले तरी हे इथेच.

म्हणजे नदीचे पाणी हे रोजचे बोलणे आहे आणि गाळ हे दप्तर आहे! रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून ४५ खंड काढले, तेव्हा कुठे कितीतरी घटनांवर उजेड पडला. नदीनेही तिचे दप्तर सांभाळून ठेवले आहे. फक्त ते वाचणारा हवा.

वाचतात कसे, तेही त्याने सांगितले. तळाचा गाळ काढायचा, वाळवायचा, बारीक चाळणीने चाळायचा, कारण धातू बारीक कणांतच जास्त असतात. मग तो तीव्र आम्लात शिजवून धातू विरघळवून घ्यायचे आणि ते द्रावण ज्योतीत फवारायचे. प्रत्येक धातूचे अणू आपापल्या ठराविक लहरींचाच प्रकाश शोषतात. किती प्रकाश शोषला यावरून धातू किती ते कळते. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये ही रीत मांडली. दहा लाख भागांत एक भाग धातू असला तरी यंत्र तो पकडते.

मी लगेच म्हटले, "म्हणजे गाळात तांबे, क्रोमियम सापडले की झाले सिद्ध!"

"नाही आबा. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची. त्या खडकातच मुळात तांबं, क्रोमियम, निकेल असतं. कारखाना नसता तरी ते सापडलंच असतं. आधी मूळ पातळी किती होती ते बघावं लागतं. नदीच्या वरच्या अंगाचा, जिथं काहीच मिसळत नाही तिथला गाळ घ्यायचा, नाहीतर खोलवरचा जुना थर घ्यायचा, आणि ताडून बघायचं."

मला माझाच वर्ग आठवला. एका कागदावरून इतिहास लिहायचा नसतो, दुसऱ्या साधनाशी ताडून पाहावे, हेच तर मी सांगत आलो. आणखी एक अडचण त्याने सांगितली. शांत तळ्यात गाळाचे थर वर्षावर्षाला एकावर एक नीट बसतात, त्यावरून काळ ठरवता येतो. आपल्या नदीत दर पावसाळ्यात पूर येऊन थर उपसले जातात. म्हणजे आपले दप्तर कोणीतरी उलटेपालटे करून ठेवलेले आहे. वाचता येते, पण क्रम लावणे कष्टाचे.

पूर म्हटल्यावर मी जरा गप्प झालो. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या घरात छातीइतके पाणी होते. २००५ ला आले होते, २०२१ ला पुन्हा आले, पण १९ चा पूर मी जन्मात विसरणार नाही. पाणी ओसरल्यावर आलो तेव्हा घरभर वीतभर चिखल साचलेला. पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा चिखलाची वीट झाला होता. चार दिवस आम्ही तो चिखल फावड्याने ओढून बोळात टाकला. हिच्या हातापायांना महिनाभर खाज होती. चिखलाने की साचलेल्या पाण्याने, मला सांगता येणार नाही. त्या वेळी एकाही माणसाच्या मनात आले नाही की या चिखलात काय आहे ते बघावे. माझ्याही नाही! नदीचे दप्तर आपल्या पायांनी माझ्या घरात आले होते आणि इतिहासाच्या मास्तराने ते न वाचता बोळात फेकून दिले.

आता उपायांचे बघू. खळ, मळी, मैला यांवर मँचेस्टरचा सक्रिय गाळ उत्तम चालतो, मात्र वीज आणि हवा अखंड मिळाली पाहिजे. केंद्र बंद पडले की जिवाणू मरतात. धातूंचे मात्र वेगळे आहे. धातू हे मूलद्रव्य. ते जाळता येत नाही, कुजवता येत नाही, जिवाणू खाऊन संपवू शकत नाहीत. विषारी सहा-संयुजी क्रोमियमचे रूपांतर कमी विषारी त्रि-संयुजी क्रोमियममध्ये करता येते, मग चुना घालून ते साक्याच्या रूपात खाली बसवता येते. रंग काढायला सक्रिय कोळसा वापरतात. पण साका खाली बसला म्हणजे नाहीसा झाला का? तो पाण्यातून निघून गाळात आला, एवढेच. कोळसा भरला की तोही फेकावाच लागतो. म्हणून केंद्रातून पाणी किती स्वच्छ निघाले एवढे विचारून भागत नाही. गाळ कुठे गेला हेही विचारावे लागते. घातक कचऱ्याचे नियम आपल्याकडे १९८९ मध्ये झाले. असा गाळ खाली अस्तर घातलेल्या सुरक्षित भरावातच टाकला पाहिजे. ओढ्याच्या कडेला टाकला तर पहिल्या वळवाला तो पुन्हा नदीत!

जलपर्णीचेही तसेच. तिला आपण शिव्या देतो, पण ती पाण्यातले नत्र, स्फुरद आणि धातू शोषून घेते. तिचे फोफावणे हाच नदीत खत जास्त झाल्याचा पुरावा आहे. मात्र ती वेळेवर काढून बाहेर नेली तरच उपयोग. तिथेच कुजू दिली तर शोषलेले सगळे परत आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही फस्त.

आणि नदीच्या तळाशी आधीच साचलेल्या गाळाचे काय? तो उपसावा तर ढवळला जाऊन अडकलेले धातू पुन्हा मोकळे होण्याची भीती. न उपसावा तर बसला आहेच. कधी स्वच्छ वाळूचा थर टाकून झाकतात, कधी काळजीपूर्वक काढतात. जपानमध्ये मिनामाता येथे कारखान्याच्या पाऱ्याने माशांतून माणसांना भयंकर आजार झाला. तो १९५६ मध्ये लक्षात आला. पाऱ्याचे पाणी सोडणे १९६८ मध्ये थांबले. पण खाडीच्या तळाचा गाळ हलवून, भर घालून ती जागा बंदिस्त करण्याचे काम १९७७ ते १९९० चालले. ५८ हेक्टर जमीन त्या भरावाने तयार झाली. नळ बंद करून वीस-बावीस वर्षे झाली तरी त्यांना गाळाशी झुंजावे लागले. आपण तर अजून नळही पुरता बंद केलेला नाही.

वाडीला पूर चढला की पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दरवाजातून बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्याला हजारो लोक स्नानाला येतात. मीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहे. ती श्रद्धा मला लहान वाटत नाही. पण ज्या पाण्याला आपण तीर्थ म्हणतो त्याची चौकशी न करणे ही मात्र श्रद्धा नव्हे, असे मला या वयात वाटू लागले आहे. आणि दोष फक्त कारखान्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. कापड आपण नेसतो, साखर आपण खातो, रंगवलेल्या मूर्ती आपण सोडतो, शेतात खत आपण टाकतो (फॉस्फेट खतात थोडे कॅडमियम असते, हे मला नातवाकडूनच कळले), आणि आपल्या काठाकाठच्या गावांची गटारे जातात तीही नदीलाच.

माझे मागणे मोठे नाही. पाण्याची तपासणी होते तशी दरवर्षी, बरगे काढण्याच्या आधी, ठरलेल्या बंधाऱ्यांखालच्या गाळाचीही व्हावी, आणि त्याचे आकडे मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी गावच्या चावडीवर लागावेत. शाळांनी विंकलरची बाटली पुन्हा बाहेर काढावी. मुलांना कळू द्या तपकिरी म्हणजे काय आणि पांढरे म्हणजे काय.

नातू परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा नदीवर गेलो. त्याने तीन ठिकाणचा गाळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला: एक बंधाऱ्यावरचा, एक घाटाखालचा, एक संगमाच्या वरचा, कृष्णेचा. प्रत्येक पिशवीवर जागा आणि तारीख मी लिहिली, माझ्या अक्षरात. त्याच्या कॉलेजात यंत्र आहे, सरांना विचारून बघतो म्हणाला. वर हेही सांगून ठेवले, "आबा, तीन नमुन्यांवरून काहीही सिद्ध होणार नाही हं."

"माहीत आहे," मी म्हटले. "पण सुरुवात एका कागदापासूनच होते."

चौथी पिशवी मी त्याला न विचारता दिली. २०१९ च्या पुरात खराब झालेल्या कपाटाच्या मागच्या फटीत अजून थोडा चिखल राहिला होता, वाळून कडक झालेला. तो मी चमच्याने खरवडून काढला होता.